हसाजी तेल्याचा शनिवार

ही गोष्ट कधीची, ते नेमकं कुणालाच सांगता येणार नाही. खाडीच्या तोंडाशी तेव्हा गाळ साचलेला नव्हता. मोठाले मचवे भरल्या शिडानं थेट दांडसईच्या धक्क्याला लागत, आणि किल्ल्यावर कुणाचा अंमल आहे हे गावाला दवंडीवाल्याचा तोंडवळा बदलला की कळायचं. तेव्हाची ही गोष्ट. मी माझ्या आजोबांकडून ऐकली, त्यांनी कुणाकडून ऐकली ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तेव्हा दांडसईत हसाजी नावाचा तेली होता. तो बेने इस्राएलांपैकी. या लोकांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि जी थोडी माणसं वाचली ती आपल्या किनाऱ्याला लागली, असं म्हणतात. लागली ती इथलीच झाली. बोली इथली, लुगडी इथली, जेवणात नारळ इथला. त्यांच्या पोथ्या मात्र गलबताबरोबर बुडाल्या. राहिलं ते एवढंच, की शनिवारी काम करायचं नाही, शेमा नावाची एक प्रार्थना म्हणायची, आणि अडीनडीला एलियाहू हनबीला, म्हणजे त्यांच्या जुन्या प्रेषिताला, हाक मारायची. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

हसाजीचा घाणा वडाखाली होता. तीळ, खोबरं, उंडी, जे आणाल त्याचं तेल काढून द्यायचा. उंडीचं तेल खायचं नव्हे, दिव्यात जाळायचं. दर शुक्रवारी दुपारी पहिल्या घाण्याचं उंडीचं तेल तो तीन ठिकाणी पोचवायचा. एक भांडं सोमजाईच्या देवळात, एक पिराच्या दर्ग्यात, आणि सगळ्यांत मोठं खाडीच्या टोकावरच्या दिव्याला. त्याबद्दल त्यानं कधी काही घेतलं नाही. गावात बाई बाळंत झाली की खोबऱ्याचं कोमट तेल तिच्या दारी न मागता यायचं. म्हाताऱ्यांचे आखडलेले गुडघे तो स्वतः चोळून द्यायचा. त्याचा हात लागला की दुखणं उतरायचं, असं म्हणतात. आता गुडघेदुखी ती, थोडी उतरते, थोडी चढते. पण म्हाताऱ्यांना बरं वाटायचं हे खरं.

माणूस घरवेडा होता. शुक्रवारी घाणा थांबला की आंघोळ करून ओटीवर बसायचा आणि बायकोच्या, अकाबाईच्या, डोक्याला तेल लावायचा. उघड्यावर, सगळ्यांच्या देखत! बायका पाणी घेऊन जाताना पदर तोंडाला लावून हसायच्या. पुरुष म्हणायचे, "हसाजी, आता वेणीपन तूच घाल." तो म्हणायचा, "घातली असती, पन येत नाय." अकाबाई लाजून चूर व्हायची, पण उठून जायची नाही. तिचं झालं की पाळी लेकीची, एस्तूची.

एस्तू त्यांची एकुलती एक. तिच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. आणि याबाबतीत हसाजीच्या मनात एक काटा होता. तरुणपणी, हात तंगीत असताना, त्यानं काही शनिवारी घाणा गडी लावून फिरवून घेतला होता. आपण स्वतः बसून राहिलो, म्हणजे शनिवार पाळला, अशी मनाची समजूत घातली होती. मुलं गेली तेव्हा ती समजूत टिकली नाही. आपणच लेकरांना खाल्लं, असं त्याला वाटायला लागलं. कुणी कितीही सांगितलं तरी ते त्याच्या मनातून गेलं नाही.

एस्तू जन्मली आणि सहाव्या दिवशी तापानं फणफणली. तेव्हा हसाजी तिला घेऊन घाण्यापाशी आला, लाटेवर, म्हणजे बी चिरडणाऱ्या उभ्या लाकडावर, हात ठेवला आणि गावासमोर एलियाहू हनबीला नवस बोलला. "ही जगू दे. ही जिवंत असेपर्यंत माझा घाणा शनिवारी फिरणार नाय. मी नाय, गडी नाय, बैल नाय, कोनीच नाय." ताप त्याच संध्याकाळी उतरला. हे गावानं डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे तो नवस नुसता हसाजीचा राहिला नाही. दांडसईतल्या पोराबाळांनासुद्धा ठाऊक होतं की हसाजीचा घाणा शनिवारी फिरला, तर एस्तूचं काही खरं नाही.

शनिवारी पवळ्याचीही सुट्टी. पवळ्या म्हणजे घाण्याचा बैल. आठवडाभर डोळ्यांवर झापड बांधून गोल फिरणाऱ्या त्या जनावराला हसाजी शनिवारी मोकळं सोडायचा. पवळ्या समुद्रावर जायचा आणि वाळूत सरळ रेषेत चालायचा. लांबवर जायचा, वळायचा, पुन्हा सरळ परत यायचा. गोल फिरायचा कंटाळा आलेला असणार.

एकदा किल्ल्यावरचा हवालदार शनिवारी तेल मागायला आला. कुणी बडा माणूस किल्ल्यावर उतरणार होता आणि मशाली पेटवायच्या होत्या. हसाजी म्हणाला, उद्या देतो. हवालदार म्हणाला, आत्ता. हसाजी ओटीवर बसून राहिला. मग शिपायांनीच घाण्यात बी ओतलं आणि पवळ्याला वाळूतून ओढत आणून जुंपलं. पवळ्या खाली बसला. त्याच्या शेपटीला पीळ घातला, तो उठला नाही. मग चार शिपायांनी दांड्याला खांदे लावले, तर दांडा तसूभर हलेना, असं म्हणतात. त्या शिपायांनी सकाळपासून काय घेतलं होतं ते मला माहीत नाही. पण हवालदार तेल न घेता गेला, आणि तेव्हापासून पंचक्रोशीत हसाजीच्या शनिवाराचा दबदबा झाला.

आता टोकावरच्या दिव्याचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

आपल्या खाडीच्या तोंडात म्हशी नावाचे खडक आहेत. ओहोटीला त्यांच्या पाठी दिसतात, भरतीला बुडतात. बुडाले की अंधारात त्यांच्या मधून मचवा आणायला नाखव्याला एकच आधार, तो टोकावरचा दिवा. दगडी घुमटी होती, समुद्राकडे तोंड असलेली, आणि आत घमेल्याएवढी दगडाची पणती. तिला पायलीभर तेल लागायचं. कितीही वारा असला तरी घुमटीतला दिवा विझायचा नाही. तो सांभाळायची चांगुणा कोळीण. तिचा नवरा म्हशींवरच आपटून गेला होता. तेव्हापासून तिनं दिवा आपणहून अंगावर घेतला होता. तिचा मुलगा पोशा, गावातला नावाजलेला नाखवा.

त्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस बाकीचे मचवे किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारून झाले होते. फक्त पोशाचा मचवा बाहेर होता, दूर दक्षिणेला माल घेऊन गेलेला. तो अवसेनंतर येणार असं सांगून गेला होता, आणि अवसेला अजून अवकाश होता. शुक्रवारी आगऱ्यांच्या आळीत लग्न लागलं. लग्न मोठं, वऱ्हाड अंदाजापेक्षा जास्त आलं, मांडवातलं तेल संपलं. त्या घरची माणसं चांगुणाकडे आली. म्हणाली, अवसेपर्यंत समुद्रावरून कुणी येत नाही, मग दिवा कुणासाठी? रविवारी हसाजीकडून भरून देऊ. चांगुणानं दिव्याचं तेल दिलं. कुणीही दिलं असतं. गावातल्या घराघरांतूनही लग्नाला वाटी-वाटी तेल गेलंच होतं.

शनिवारी दुपारी वारा फिरला. आभाळ पश्चिमेकडून काळं होत आलं. माडांच्या झावळ्या एका बाजूला ताणल्या गेल्या, आणि डोंगरावर गुरं राखणाऱ्यांनी ओरडून सांगितलं, की शीड दिसतंय. पोशाचं शीड. वाऱ्यानं त्याला आठवडाभर आधीच घराकडे हाकललं होतं. सगळ्यांनी हिशेब केला. मचवा खाडीच्या तोंडाशी यायला दिवेलागण होणार, तेव्हा भरती चढलेली असणार आणि म्हशी बुडालेल्या असणार. वारा असा की पोशाला बाहेर थांबता येणार नाही. त्याला आत यावंच लागणार.

मग धावपळ झाली. लग्नघरी भांडी उपडी केली, घराघरांतल्या बुधल्या निथळल्या, सोमजाईच्या आणि पिराच्या दिव्यातलं तेलसुद्धा काढून आणलं. सगळं मिळून पणतीचा तळ भिजला. किनाऱ्यावर लाकडांचा जाळ केला, तो पहिल्याच सरीनं विझला. दुसरा तेली खाडीपलीकडे, आणि खाडी उसळलेली. राहिला वडाखालचा घाणा. हसाजीकडचं तयार तेलही लग्नालाच गेलं होतं; रविवारसाठी उंडीचं बी मात्र भरून ठेवलेलं होतं, सगळ्यांना ते माहीत होतं. पण तिकडे कुणी वळलं नाही. बारकं पोरही म्हणालं नाही, की हसाजीला विचारू. काय विचारायचं? तुझी पोर दे, असं?

शनिवार उतरायचा तो आभाळात चांदण्या दिसल्यावर, हा त्यांचा नियम. त्या दिवशी एकही चांदणी दिसणार नव्हती. दिसली असती तरी उशीर झाला असता, कारण घाणा उतरायला वेळ लागतो.

चांगुणा वडापर्यंत आली. तिचं तिलाच कळलं नसावं कशी आली. दिव्याचं रिकामं भांडं तिच्या पदराखाली होतं. ती घाण्याकडे न बघता उभी राहिली.

हसाजी ओटीवर होता. म्हणाला, "चांगुणाबाय, उभी का? ये, बस."

"काय नाय रं," ती म्हणाली. "वाईच दम खाते, नि जाते."

आणि ती खरंच वळली. तेलाबद्दल एक शब्द न बोलता वळली. हसाजीला पदराखालचं भांडं दिसलं.

तो उठून समुद्रावर गेला. शीड आता साध्या डोळ्यांना दिसत होतं, एका अंगावर कललेलं. तो परत आला आणि घाण्यापाशी उभा राहिला. त्यानं शेमा म्हटला. त्याला दुसरी प्रार्थना येत नव्हती. एकदा म्हटला, पुन्हा म्हटला, आणि पोतं सोडून घाण्यात बी ओतलं.

पवळ्या वादळाला भिऊन घरी आला होता आणि सवयीनं दांड्याजवळ येऊन उभा राहिला. हसाजीनं त्याला दूर सारलं. "तुजा शनिवार तुजाच," तो म्हणाला. "मोडायचा तर माजा मोडीन." त्यानं जू स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

तेवढ्यात अकाबाई धावत बाहेर आली. तिनं दांड्याला मिठी मारली. गरीब, कधी मोठ्यानं न बोलणारी बाई, त्या दिवशी तिचा आवाज कोळीवाड्यापर्यंत गेला, असं म्हणतात.

"दोन दिलीत, आता हीपन देता? मचव्यात माजं कोन हाय? माजी ही एकच हाय!"

"माना म्हाईत हाय," हसाजी म्हणाला.

"म्हाईत हाय तर ठेवा ते जू!"

हसाजीनं जू ठेवलं नाही, पण त्याला पाऊलही उचलता येईना. पाऊस सुरू झाला. दोघं तशीच उभी राहिली, एक दांडा ओढायला आणि एक अडवायला, आणि दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. या जागी गोष्ट सांगताना माझे आजोबा नेहमी थांबायचे. मीही थांबतो. ज्याला पोर आहे त्यानं स्वतःला विचारून पाहावं, आणि खोटं उत्तर देऊ नये.

दारातून एस्तू सगळं ऐकत होती. परकर नेसायच्या वयाची, किडकिडीत पोर. ती पावसात आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली.

"नवस माज्या नावाचा हाय ना?" ती म्हणाली. "मंग माना कोनी विचारलंय?"

तिनं आईचे हात दांड्यावरून सोडवले, बापाच्या मागे गेली आणि दांड्याला खांदा लावला. "चला बाबा," म्हणाली.

आणि घाणा फिरला. चार शिपायांना न हललेला दांडा त्या दोघांनी हलवला.

अकाबाईनं पहिला फेरा बघितला. दुसऱ्या फेऱ्याला तिनं पदर कमरेला खोचला आणि लेकीच्या पुढे खांदा लावला. नवऱ्याकडे तिनं बघितलंही नाही. रागानं ओढत होती, पण ओढत होती.

ओढायला ठेका लागतो. हसाजीनं मचव्यातल्या माणसांची नावं घ्यायला सुरुवात केली. एका फेऱ्याला एक नाव. पोशा. त्याचा भाऊ गोमा. माळ्यांचा राघो. मोहल्ल्यातला दाऊद. मग पुन्हा पोशा. बाप नाव घ्यायचा आणि मागून एस्तू तेच नाव घ्यायची. लाटेखाली बी कुरकुरलं, मग मऊ झालं, पण तेल काही येईना. बैलाचं काम माणसांनी करायचं म्हणजे काय, ते करून बघितल्याशिवाय कळत नाही. हसाजीचे खांदे सोलवटले. एस्तू घसरून पडली, उठली, पुन्हा पडली.

चांगुणा वाटेवरच थांबली होती. तिनं आपल्या मुलाचं नाव त्या पोरीच्या तोंडून ऐकलं. ती परत फिरली. भांडं घाण्याच्या तोटीखाली ठेवलं आणि एस्तूला बाजूला करून तिच्या जागी खांदा दिला. फेरा पुरा झाला. आता नाव घ्यायची पाळी तिची. पोशाचं नाव तिच्या ओठावर असणार, दुसरं कुठलं असणार? पण चांगुणा कोळीण मोठ्यानं म्हणाली,

"एस्तू!"

हसाजी थबकला. चांगुणा म्हणाली, "ओढ रं. माज्या पोराला तू हाक मारलीस. तुज्या पोरीला माना हाक मारूं दे. देवाला दोगांचीपन ऐकूं जाईल."

मग कोळीवाड्यातून बाया येऊ लागल्या. गोमाची बायको आली. राघोची आई आली. दाऊदची बहीण आली. लग्नघरची नवी नवरी अंगाच्या हळदीसकट आली, असं म्हणतात. जी दांड्याला खांदा लावी ती फेऱ्याच्या शेवटी आपल्या माणसाचं नाव घेत नसे. एस्तू, म्हणे. पुढची म्हणे, एस्तू. पावसात, वाऱ्यात, त्या वडाखाली एका तेल्याच्या पोरीचं नाव सगळ्या गावाच्या बायकांनी मिळून घेतलं. अकाबाईनं ते ऐकलं आणि ती खाली बसून ओक्साबोक्शी रडली. मग उठली आणि पुढच्या फेऱ्याला तिनं पोशाचं नाव घेतलं.

तेल आलं. आधी धागा, मग धार. तेवढ्या बियांत तेवढं तेल कधी निघत नाही. आजच्या कुठल्याही तेल्याला विचारा, तो डोकं हलवील. भांडं भरलं, दुसरं लावलं, तेही भरलं. दिवेलागणीला टोकावरची पणती काठोकाठ होती. वात पेटली तेव्हा उजेड एवढा पडला, की पलीकडच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याला स्वतःच्या हातावरचे केस दिसले, असं म्हणतात. पोशानं पुढे सांगितलं ते साधंच आहे. तो म्हणाला, दिवा दिसला, मी सुकाणू डावीकडे दाबलं, आणि आम्ही आत आलो. नाखवे जास्त बोलत नाहीत.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबल्यावर लोकांना घाण्याभोवतीच्या चिखलात पावलं दिसली. बायकांची पावलं, पोरीची पावलं, हसाजीची पावलं, आणि त्या सगळ्यांच्या बाहेरून एक मोठं अनवाणी पाऊल, गावातल्या कुणाच्याच मापाचं नसलेलं. ते एलियाहू हनबीचं, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही. एवढ्या बायकांनी तुडवलेल्या चिखलात त्यांना ते वेगळं ओळखता कसं आलं, हेही मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, ज्याला शोधायचं असतं त्याला सापडतं.

मचवा वाचला, पण हसाजीची गोष्ट तिथं संपली नाही. बाकीचं गाव आनंदात होतं आणि तो रोज सकाळी एस्तूच्या कपाळाला हात लावून बघत होता. ती शिंकली तरी त्याचा घास हातात राहायचा. वर्षभर हा माणूस असा जगला. आपल्या हातानं केलेलं बरोबर होतं असं त्याला एकदाही वाटलं नाही, आणि तरी पुन्हा तसं शीड दिसलं असतं तर त्यानं पुन्हा जू उचललं असतं. मला विचाराल तर पावलाबिवलापेक्षा हाच मोठा चमत्कार आहे.

पुढच्या वैशाखात त्यांचा काजी आला. त्यांचे काजी गावोगाव फिरत, लग्नं लावत, भांडणं मिटवत. हा काजी दूरच्या बंदरात काही पोथ्या बघून आलेला होता. हसाजी त्याच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं. मग विचारलं, "याला प्रायश्चित्त काय?"

काजीनं त्याला हात धरून शेजारी बसवलं. म्हणाला, "हसाजी, जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडायचा, असंच आपल्या पोथीत आहे. मोडला नाहीस तर पाप. तुला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? पोथ्या तर बुडाल्या होत्या. राहिलेला एक नियम त्या लोकांनी इतका घट्ट धरून ठेवला होता, की त्याला असलेली सूट कुणाला ठाऊकच नव्हती.

दाराआडून अकाबाईचा आवाज आला. "काजी, तुमी वर्साकाठी एकदा येता. तुफान काय तुमाना विचारून येत नाय."

काजी हसला नाही. "खरं आहे, बाई," म्हणाला.

"आन् नवस?" हसाजीनं विचारलं. "नवस तर मी बोललो होतो. तो पोथीतला नाय, माज्या तोंडचा."

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," काजी म्हणाला. "पण पोरगी तुझ्यामागे उभी राहून मघापासून पेरू खातेय. मागं वळून बघ."

हसाजीनं वळून बघितलं. एस्तू खरोखरच पेरू खात होती. तेव्हा तो वर्षात पहिल्यांदा हसला, असं म्हणतात. त्या संध्याकाळी अकाबाईनं मलिदा केला. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. ताट घराघरात फिरलं, आणि चांगुणानं दोनदा घेतला.

एस्तूचं लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली. दात पडून पुन्हा बोळक्यात पेरू चघळण्याइतकी ती म्हातारी झाली. हसाजी तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेला, शुक्रवारी, तिन्ही भांडी पोचती झाल्यावर. पवळ्या तेव्हा कधीच गेला होता. गोठ्यात त्याच्या जागी दुसरा बैल होता, त्यालाही शनिवारी सुट्टी होती.

मग काळ गेला. हसाजीचे वंशज आधी मुंबईला गेले, पुढे समुद्रापलीकडे गेले. दांडसईत आता त्यांचं एकही घर नाही. टोकावरचा दिवा विजेचा झाला आहे आणि तो आपोआप लागतो. पण वडाखालचा घाणा आहे. कोळीवाडा त्याला दरवर्षी तेलपाणी करतो, आणि वैशाखातल्या शेवटच्या शनिवारी सगळं गाव तिथं जमतं. त्या दिवशी दांडसईत कुणी बैल जुंपत नाही. बैल आता फारसे राहिले नाहीत, म्हणून ट्रॅक्टरही काढत नाहीत. एक बैल कुठून तरी आणून, हार घालून बाजूला उभा करतात. तो रवंथ करत बघतो आणि माणसं घाणा ओढतात. निघेल ते तेल जुन्या घुमटीत जळतं. घरी न्यायचं नाही, दुखण्यालासुद्धा नाही.

आणि फेऱ्याच्या शेवटी एक नाव घ्यायचं. पहिला फेरा एस्तूच्या नावाचा, कारण इथं तिचं नाव घ्यायला आता शेजाऱ्यांखेरीज कुणी नाही. त्यानंतर ज्याला ज्याचं घ्यायचं त्याचं. नियम एकच. आपल्या पोराचं नाव आपण घ्यायचं नाही. पोर आजारी असो, परदेशी असो, बोटीवर असो, तुम्ही मुकाट्यानं दुसऱ्याच्या पोराला हाक मारायची आणि तुमच्या पोराला कुणी हाक मारतंय का, इकडे कान लावून उभं राहायचं.

यंदा माझा नातू दवाखान्यात होता. कुणाला सांगितलेलं नव्हतं. मी घाण्यापाशी उभा होतो. दांडा ओढत होती आमची शेजारीण सुगंधा. बांधावरच्या फणसावरून आमच्या दोन घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद आहे. तिची मुलगी आमच्या अंगणातून गेली तरी आम्ही तोंड फिरवतो. फेरा पुरा झाला आणि सुगंधानं माझ्या नातवाचं नाव घेतलं. माझ्याकडे न बघता, स्पष्ट, पुरं नाव. पुढचा फेरा माझा होता. मी खांदा लावला, गुडघे दुखत होते तरी ओढला, आणि तिच्या मुलीचं नाव घेतलं. ते मला माहीत आहे, हे तिला तेव्हाच कळलं.